हुरडा, हिशोबाची वही आणि हरवलेली चप्पल: सोलापुरातले चार दिवस

गुरुवार

आत्याचा फोन आला तेव्हा तिने दोन गोष्टी एका दमात सांगितल्या. एक, सोलापुरात शुक्रवारपासून तीन रात्री उज्जीवन सभा आहेत, म्हणजे थंड पडलेली श्रद्धा पुन्हा जागी करायच्या सभा. दोन, हुरडा आलाय. मी कशासाठी निघाले ते प्रामाणिकपणे सांगायचं तर हुरड्यासाठी, पण ऑफिसात रजेच्या अर्जावर ‘कौटुंबिक कारण’ लिहिलं आणि मनाशी ‘उज्जीवन’ म्हटलं.

गरज होतीच तशी. गेली तीन वर्षं माझं एक ठरलेलं आहे. एक जानेवारीला फोनवर ‘एका वर्षात बायबल’ची योजना सुरू करायची. पहिलं पुस्तक उत्पत्ती झपाट्याने संपतं, भावांनी खड्ड्यात टाकलेल्या योसेफापर्यंत तर मी शाळकरी मुलीसारखी वाचत सुटते. पुढे निर्गममध्ये निवासमंडपाची मापं सुरू झाली की एखादा दिवस चुकतो, मग दोन चुकतात, आणि लेवीयमध्ये गाडी रुतते ती रुततेच. यंदा तेवढंही जमलं नव्हतं. जानेवारीचा तिसरा आठवडा लागला तेव्हा मी नऊ दिवस मागे होते आणि योसेफ अजून खड्ड्यातच होता. बाकी सगळं रीतसर चालू. रविवारी चर्च, वर्गणी वेळेवर, गायनात आवाज मोठा. आत मात्र ठणठणीत कोरडं.

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चौघांचं नाव या गाडीला आहे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. समोरचे काका गाडी सुटताच डबा उघडून बसले आणि मला शेंगा चटणी देऊन मोकळे झाले. सोलापूर असं अडीचशे किलोमीटर आधीच सुरू होतं.

केडगावला ही गाडी थांबत नाही. अंधारात स्टेशनचे दिवे सर्रकन मागे गेले. पंडिता रमाबाईंचं निराधार बायका-मुलींसाठीचं ‘मुक्ती’ मिशन इथलंच. लहानपणी आई इथून जाताना खिडकीतून बोट दाखवायची आणि सांगायची, या बाईने म्हातारपणी ग्रीक आणि हिब्रूवरून बायबल मराठीत आणलं, छापायचं कामही तिथल्या बायकांनीच केलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मला मात्र आज दुसरंच आठवत होतं. १९०५ मध्ये मुक्तीत मोठं उज्जीवन झालं, त्याच्या गोष्टी आमच्याकडे सभांमधून फार रंगवून सांगतात. जून महिन्यातल्या त्या रात्री, ते रडणं, त्या प्रार्थना. त्याआधी कित्येक महिने त्या मुली रोज जमून प्रार्थना करत होत्या, तो भाग सांगणारे घाईत उरकतात. त्यात सांगण्यासारखं काय असणार म्हणा. रोज जमल्या, प्रार्थना केली, कामाला गेल्या.

दहाच्या सुमारास सोलापूर. आत्या स्टेशनच्या बाहेर शाल गुंडाळून उभी. “जय ख्रिस्त” म्हणाली आणि लगेच “केवढी वाळलीस” हेही. रिक्षावाला दुसऱ्या रिक्षावाल्याशी तेलुगूत भांडला, पोलिसाशी हिंदीत मिळतं घेतलं, फोनवर कानडी बोलला आणि आमच्याशी भाडं मराठीत ठरवलं. सात रस्त्याच्या मागे आत्याचं घर येईपर्यंत हे चालू होतं.

शुक्रवार

पहाटे पाचला भांड्यांच्या आवाजाने जाग आली. आत्या बालवाडीत शिक्षिका होती. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण शाळेची वेळ अंगातून गेलेली नाही. चहा झाला. ओट्यावरच बायबल उघडलं, उभ्याने एक अध्याय मोठ्याने वाचला, डोळे मिटून दोन-तीन मिनिटं काहीतरी पुटपुटली, मग खुर्चीत बसून एका लांबट, लाल पाठीच्या हिशोबाच्या वहीत लिहायला लागली. मी घड्याळ पाहिलं. सगळं मिळून बारा मिनिटं.

ती आंघोळीला गेल्यावर मी ती वही चाळली. (चाळू नये, माहीत आहे.) मला वाटलं होतं प्रार्थनेची वही असेल, निघाला दुधाचा हिशोब. मग वाटलं दुधाचा हिशोब आहे, तर निघाली प्रार्थनेची वही. दोन्ही एकाच पानावर, एकाच ओळीत. ‘सोमवार. दूध अर्धा लि. खालच्या मजल्यावरचा मुलगा, बारावी. गॅस आला.’ ‘मंगळवार. दूध अर्धा लि. पाळकसाहेबांची साखर. इस्त्रीवाल्याला ४० दिले, १० येणे.’ काही नावांपुढे बरोबरची खूण. इस्त्रीवाल्याच्या दहा रुपयांपुढेही तशीच खूण. बऱ्याच नावांपुढे काहीच नाही. ती नावं महिन्यागणिक पुढच्या पानावर उतरवलेली, किराण्याची थकबाकी उतरवतात तशी.

आणि दर गुरुवारी मी. ‘भाची: नोकरी, गुडघा, जीभ.’

नोकरीपुढे खूण होती. गुडघ्यापुढेही. जिभेपुढे तीन वर्षांत एकदाही नाही. काल रात्रीच्या ओळीत ‘दूध दीड लि.’ एवढी भर पडली होती.

“जीभ म्हणजे काय गं?” मी जेवताना विचारलं.

“विचारलंस ना हे, तीच,” आत्या म्हणाली आणि ताटात कडक भाकरी मोडून टाकली.

शेजारच्यांच्या दोरीवर पांढरी बाराबंदी वाळत होती, कांजी करून कडक झालेली. शेजारी लिंगायत. त्यांचा मुलगा सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाच्या मिरवणुकीत असतो. संक्रांतीचे मुख्य दिवस होऊन गेले तरी होम मैदानावर गड्डा अजून भरलेलाच होता, पाळण्यांचे दिवे आमच्या गच्चीवरून दिसायचे. भोगीला शेजारणीने आत्याला तिळाची बाजरीची भाकरी आणि भज्जी दिली होती. नाताळात आत्याच्या करंज्या तिकडे गेल्या होत्या. असं चाळीस वर्षं चाललंय. त्यांची दोन्ही मुलं आत्याच्या हाताखाली ‘अ आ इ’ शिकली, म्हणून घरभर ती ‘बाई’.

दुपारी आत्या मला कुंभारीला घेऊन गेली. तिथे गोदुताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार बायकांची वसाहत आहे, दहा हजार घरांची. एका रेषेतल्या घरांमधून चालताना जवळपास प्रत्येक उंबऱ्यात एक बाई, मांडीवर सूप, आणि हातांची न थांबणारी हालचाल. आत्याची मैत्रीण अशाच एका उंबऱ्यात बसली होती. तेलुगू ख्रिस्ती, वय साठीच्या पुढे. सगळे अक्का म्हणतात, मीही म्हटलं.

अक्काच्या हातांकडे मी तासभर बघत बसले. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पानावर लोखंडी फर्मा ठेवायचा, कात्री त्याच्या कडेने फिरवायची, शिरा टाळून. कापलेल्या पानावर चिमूटभर तंबाखू, अंगठ्याने सारखी करायची, एक वळण, दोरा, तोंड आत दाबून बंद. डोळे पूर्ण वेळ माझ्याकडे. पंचवीस विड्या झाल्या की एक कट्टा. दिवसाला हजार विड्या हातून व्हायच्या, म्हणजे चाळीस कट्टे. आता नजर आणि खांदा साथ देत नाही, पंचवीस-तीसवर थांबते.

“एक कट्टा, एक नाव,” अक्का म्हणाली. दोरा बांधताना ज्याचं नाव आलं त्याच्यासाठी पुढचा कट्टा होईपर्यंत प्रार्थना. आधी चाळीस माणसं व्हायची, आता तीस. “दहा जणांना मग रविवारी घेते चर्चमधी.”

मला राहवलं नाही (जीभ). म्हटलं, तंबाखूचं काम करताना प्रार्थना, कसं वाटतं?

अक्काचा हात थांबला नाही. “पाळक पण बोलले मला, तंबाखू वाईट. मी म्हटलं, मला म्हाईत नाही काय, खोकला कुणाला येतो? दुसरं काम द्या, उद्या सोडते. तवर हातात जे हाय त्याच्यावरच प्रार्थना करणार ना.” मग आत्याकडे वळून तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि दोघी माझ्याकडे बघून हसल्या. मी अर्थ विचारला नाही.

रात्री उज्जीवन सभा. त्याबद्दल मी थोडक्यात लिहिणार आहे, कारण दोष माझा किती आणि सभेचा किती हे मला अजून नीट कळलेलं नाही. मोठा मंडप, मोठे दिवे, छातीत धडधडेल असे स्पीकर. वक्ते परगावचे होते, आवाजावर हुकमत होती. तीन रात्रींत तुमची आत्मिक वाढ अशी होईल की घरचे ओळखणार नाहीत, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. माझ्या बाजूची तरुण बाई ढसाढसा रडत होती आणि ते रडणं खोटं नव्हतं, तिच्या हातातल्या बाळाच्या टाचेवर ताजी सलाईनची पट्टी होती. मी हात वर केले, खाली घेतले, डोळे मिटले, उघडले. मला कुठूनतरी पाऊस यावा तसं काहीतरी यायला हवं होतं. डोकं दुखायला लागलं तेवढंच.

बाहेर येऊन पाहते तर चपला नाहीत. लक्ष्मी रोडवरून घेतलेल्या, नऊशे रुपयांच्या, तिसऱ्यांदा घातलेल्या. मंडपाबाहेरच्या ढिगात अर्धा तास शोधलं. शेवटी एक फाटकी जेन्ट्स सँडल उरली, तीही एकाच पायाची. जे काही उज्जीवन झालं असेल नसेल ते तिथेच संपलं. रिक्षापर्यंत अनवाणी गेले आणि मनात जे बोलले ते वहीतल्या तिसऱ्या शब्दात बसण्यासारखं होतं.

शनिवार

शेजारच्यांच्या थोरल्या भावाचं शेत मंद्रुपच्या पुढे. विजापूर रोडने निघालो, पायात आत्याची न्हाणीघरातली निळी स्लीपर, एका पट्ट्याला सेफ्टी पिन. सोलापूर मागे पडलं की दोन्ही बाजूंना शाळू. आभाळ स्वच्छ, जमीन काळीभोर, आणि मधे पुरुषभर उंचीची ज्वारी, कणसांनी वाकलेली.

आगटी पेटलेली होती. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कोवळी कणसं खुपसलेली. भाजलेलं कणीस हातात घ्यायचं, आणि हात भाजतोय हे विसरून तळव्यांत चोळायचं. हिरवे दाणे परातीत टपटपतात, कोंडा फुंकरीने उडतो. मामांच्या (मीही त्यांना मामाच म्हणायला लागले) तळव्यांना काहीच होत नव्हतं. माझ्या तळव्यांचं काय झालं ते पुण्याला ऑफिसात की-बोर्डवर कळलं. सोबत शेंगा चटणी, गूळ, दही, बोरं. “खावा की वो ताई, लाजताव कशाला,” असं म्हणून मामी परात भरतच राहिल्या.

पोट भरल्यावर मी शहरी प्रश्न विचारला. याला पाणी कुठून देता?

मामा हसले. “पाणी? याला कोण पाणी देतंय? आमचं सगळं कोरडवाहू.”

मग त्यांनी सांगितलं ते मी जवळजवळ तसंच लिहिते. सोलापूरला वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही सप्टेंबरवर भिस्त ठेवून. शाळू पेरायची सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्यानंतर बहुतेक साली थेंब नाही. काळी जमीन खोल असते, तिने जे पिऊन ठेवलं असेल त्यावर पीक पोटरीत यायचं, निसवायचं, दाणे चिकात यायचे. जमिनीचा स्वभाव असा की ओल कमी झाली की ती तडकते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आतली ओल त्या भेगांतून उडून जाते. म्हणून कोळपायचं. बैलांच्या मागे कोळपं धरून ओळींमधून जायचं. तण निघतं हे खरं, पण खरं काम वेगळंच. वरची दोन बोटं माती भुसभुशीत होऊन भेगांत पडते, भेग बुजते, खालची ओल खालीच राहते.

“एक कोळपणी आणि अर्धं पाणी, असं म्हणतेत आमच्यात,” मामा म्हणाले. “एक कोळपणी केली म्हणजे अर्धं पाणी दिल्यासारखं. दिसायला काय नाही दिसत. करून आला तर बायको पण म्हणते, दिवसभर शेतात काय केलाव?”

मी गप्प बसले, जे माझ्याबाबतीत नोंद करण्यासारखं आहे.

परतताना गाडीत मला मार्कच्या चौथ्या अध्यायातला तो छोटा दाखला आठवला. चार शुभवर्तमानांत तो फक्त मार्कातच आहे. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. मी आत्याला म्हटलं, बघ, तिथे तर शेतकरी काहीच करत नाही, नुसता झोपतो.

“दिवसा उठतो असं पण आहे ना तिथे,” आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली. “उठून काय माशा मारत असेल? कोळपत असेल.”

संध्याकाळी सभेची दुसरी रात्र होती. मी गेले नाही. आत्याही गेली नाही, कारण उद्या प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, आणि त्याचे पेले धुवायचे होते. चर्चमधून लाकडी ट्रे घरी आणलेले, त्यात अंगठ्याएवढे काचेचे पेले, एकशे वीस. आत्याचे यजमान चर्चच्या मंडळीचे ‘वडील’, म्हणजे कारभारी, होते तेव्हापासून हे काम या घरात आहे. ते जाऊन अकरा वर्षं झाली, काम कुणी परत मागितलं नाही आणि हिने दिलं नाही. कोमट पाण्यात पेला, आतून बोटाने नाही तर कापूस गुंडाळलेल्या काडीने, मग साधं पाणी, मग सोलापुरी टॉवेलवर पालथा. मी वीस पेल्यांनंतर बडबडायला लागले, चाळीसनंतर आपोआप गप्प झाले. एका पेल्याच्या काठाचा टवका उडालेला. टाकून देऊ का म्हटलं तर म्हणाली, “राहू दे. तो कुणाकडे जातो ते मला माहीत आहे.”

काळ्या मनुका गुरुवारपासून भिजत होत्या. त्या उकळून, कुस्करून, पातळ कापडातून गाळल्या. तो सगळा वेळ आम्ही देवाबद्दल एक शब्द बोललो नाही. आत्याच्या गुडघ्याबद्दल बोललो, शेजारच्या मुलाच्या लग्नाबद्दल बोललो, आणि टॉवेलच्या भावाबद्दल.

रविवार

उपासना साडेनऊला, सुरू झाली पावणेदहाला. पेटी, तबला, टाळ. पहिलंच भजन नारायण वामन टिळकांचं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पुढे ते अमेरिकन मराठी मिशनबरोबर नगरला काम करत होते. तेच मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं, १८३१ मध्ये नगरला, आणि मग इकडे सोलापुरापर्यंत. बोस्टनच्या या मिशनऱ्यांनी आणलेल्या उपासनेत आज टाळ वाजतोय याचं श्रेय मी निम्मं तरी टिळकांना देते. तबलजी म्हणजे वहीतल्या इस्त्रीवाल्याचा मुलगा निघाला.

संदेश फार रंगला नाही. पाळकसाहेबांची साखर वाढलेली होती, मधे एकदा ते खुर्चीवर बसून बोलले. घोषणा मात्र लांबल्या: पाण्याची टाकी गळतेय, महिला मंडळाची सभा बुधवारी, संडे स्कूलला खडू हवेत. मागच्या शुक्रवारी याच सगळ्याला मी रटाळ म्हटलं असतं.

ट्रे फिरले. मी डोळे मिटायला हवे होते, पण मी टवका उडालेला पेला कुठे जातो ते बघत होते. तिसऱ्या बाकावरचे एक आजोबा, हात थरथरणारे. त्यांनी अंगठ्याने काठ चाचपला, टवका सापडला, आणि पेला फिरवून दुसऱ्या बाजूने ओठाला लावला. एक थेंब सांडला नाही. त्या टवक्यात त्यांचा अंगठा नेमका बसत होता. नंतर आत्याने सांगितलं, गुळगुळीत पेला त्यांच्या हातून दोनदा निसटला होता.

दुपारी अक्का आली, वहीतल्यासारखीच ठरलेल्या वेळी. शनिवारचे राहिलेले दहा जण तिने चर्चमध्ये उरकले होते. तिच्या पिशवीतून माझ्यासाठी शेंगांच्या पोळ्या निघाल्या. तिसऱ्या रात्रीच्या सभेला अक्का गेली, आत्या गेली, मीही गेले, या वेळी निळ्या स्लीपर घालून, ज्या कुणी नेल्या असत्या तर मला आनंदच झाला असता. पहिल्या रात्रीची ती तरुण बाई दिसली. बाळ झोपलं होतं आणि टाचेवर पट्टी नव्हती. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. मी तिचं नाव विचारलं.

सोमवार

सकाळची हुतात्मा साडेसहाला. आत्याने डब्यात धपाटे, वेगळ्या पिशवीत चटणी, आणि सगळ्यात वर तिच्या निळ्या स्लीपर दिल्या, म्हणजे घातलेल्याच होत्या, पण “परत पाठव” असं बजावून.

उजाडता उजाडता मोहोळ गेलं, मग कुर्डुवाडी. शाळूवर दव होतं. फोन काढला तर बायबलच्या योजनेने कळवलं की मी आता तेरा दिवस मागे आहे. भरून काढण्याचं बटण असतं तिथे, सगळे तेरा दिवस एकदम वाचायला. ते दाबलं नाही. योसेफाला खड्ड्यातून काढण्यापुरता एक अध्याय वाचला आणि फोन ठेवला. भिगवणच्या अलीकडे तो वाजला.

“पोचलीस का दौंडला?”

“अजून नाही. तू काय करतेस?”

“वही लिहितेय. दूध परत अर्धा लिटर सांगितलं.”

“माझ्यासाठी काय लिहिलंस?”

“तुझा वार गुरुवार. आज चपला ज्याने नेल्या तो आहे. नाव माहीत नाही, म्हणून नुसतं ‘चप्पलवाला’ लिहिलंय. मापाने बसल्या असतील का गं त्याला?”